जीएसटी घटला, पण जुन्या घरातलं बाथरूम स्वस्त झालं का? नागभीडच्या निमित्ताने पूर्ण हिशेब

दिवाळी संपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. धान कापून झालेलं असतं, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी फिरत असतात आणि नागपूर-पुण्याला स्थायिक झालेली लेकरं, लेकी-जावई, नातवंडं घरी येतात. नाटक रात्रभर चालतं, पाहुणे दोन-चार दिवस राहतात, आणि नागभीडसारख्या गावातल्या जुन्या घरात दरवर्षी तोच विषय निघतो. न्हाणी मागे आहे, संडास त्याच्याही मागे, रात्री आजीला कोण घेऊन जाणार? शहरातून आलेली सून काही बोलत नाही, पण नातू बोलून मोकळा होतो.

मग ठरतं की यंदा धानाचे पैसे आले की बाथरूम करून टाकायचं. घरातच, टाइल्स लावून, कमोड बसवून.

गेल्या वर्षभरात या बेताला आणखी एक कारण मिळालं. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. 'घर बांधणं स्वस्त' अशा पोस्टी त्या आठवड्यात सगळ्यांनीच पाहिल्या. ज्याला पूर्ण घर बांधायचं आहे त्याला खरंच फरक पडतो. पण ज्याला जुन्या घरात फक्त बाथरूम करायचं आहे, त्याचं काय?

दहा टक्क्यांचे होतात किती?

समजा, कर कमी होण्याआधी सिमेंटची बॅग करासकट ३५० रुपयांना मिळत होती. त्यातला २८ टक्के कर काढला तर मूळ किंमत साधारण २७३ रुपये. त्यावर १८ टक्के लावले की बॅग पडते ३२३ रुपयांना. म्हणजे कंपनीने आणि दुकानदाराने कपात पूर्णपणे ग्राहकाला दिली, तर एका बॅगेमागे वाचतात सत्तावीस रुपये.

एका बाथरूमला, त्यात एखादी नवी विटांची भिंत धरली तरी, बारा ते पंधरा बॅगा लागतात. बचत झाली चारशे रुपये. एका बऱ्या नळाचीही किंमत त्यात निघत नाही.

कारण बाथरूमचा खर्च सिमेंटमध्ये नसतोच. तो असतो टाइल्समध्ये, कमोड-बेसिनमध्ये, नळांमध्ये आणि मजुरीत. टाइल्स, सॅनिटरी सामान आणि नळ आधीही १८ टक्क्यांत होते, आजही तिथेच आहेत. गावातल्या मिस्त्रीच्या रोजीवर जीएसटीचा संबंध येत नाही. विजेवरचा गीझर १८ टक्क्यांत आहे. खरी सवलत मिळाली ती सोलर वॉटर हीटरला. त्याचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाचा विचार केला तर हा पर्याय वाईट नाही, फक्त त्याचं वजन जुनं छप्पर पेलणार का हे आधी बघावं लागतं. कवेलूच्या घरावर ते बसत नाही.

रेतीचा मुद्दा वेगळा. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये नवं वाळू धोरण मंजूर केलं. त्यात घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत मोफत वाळू आणि कृत्रिम वाळूला प्रोत्साहन, या दोन गोष्टींची चर्चा जास्त झाली. पण स्वतःच्या पैशाने जुनं घर दुरुस्त करणारा माणूस घरकुलाचा लाभार्थी नसतो. त्याला लागते अर्धा-पाऊण ब्रास रेती, आणि एवढ्याशा कामाला ट्रॅक्टरवाला भाव सांगेल तो. त्यात १० जून ते ३० सप्टेंबर नदीपात्रातला उपसा बंद असतो, त्यामुळे पावसाळ्यात भाव चढतो. जिथे चांगल्या दर्जाची कृत्रिम वाळू मिळते तिथे जुडाईला आणि टाइल्सखालच्या थराला ती चालते.

सरकारी अनुदानाबद्दलही एक गैरसमज आहे. स्वच्छ भारत मिशनमध्ये ग्रामीण कुटुंबाला मिळणारे १२ हजार रुपये हे ज्या घरात शौचालयच नाही त्यांच्यासाठी आहेत. जुनं पाडून नवं करायला किंवा टाइल्स लावायला ते मिळत नाहीत.

मातीची भिंत आणि बाथरूमचं पाणी

नागभीड हे रेल्वे जंक्शनचं गाव. गोंदिया-बल्लारशा लाइन इथून जाते, आणि नागपूरहून येणारी नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद होईपर्यंत इथेच येऊन थांबायची. आता गावाला नगर परिषद आहे, स्लॅबची घरं वाढली आहेत. तरी जुन्या वस्तीत मातीच्या जुडाईच्या जाड भिंती, वर कवेलू, सागवानी दारं आणि मागे विहीर, अशी घरं अजून उभी आहेत. काहींना पुढून सिमेंटचा गिलावा झालाय, म्हणून ती पक्की वाटतात. आत माती तीच.

ही भिंत दीड-दोन फूट जाड असते, उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि पन्नास-साठ वर्षं सहज उभी राहते. तिचा एकच शत्रू, पाणी. आपल्या आजोबा-पणजोबांनी न्हाणी घराबाहेर ठेवली ती फक्त सोवळ्या-ओवळ्यापोटी नव्हे. जिथे रोज दोनशे-तीनशे लिटर पाणी सांडणार ती जागा मातीच्या भिंतीपासून लांब हवी, हे साधं बांधकामाचं गणित त्यात होतं.

आता तीच न्हाणी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात आणायची म्हटलं की मिस्त्री सांगतो, 'भिंतीला सिमेंट मारू, वर टाइल्स लावू, पाणी जाणारच नाही.' इथेच फसगत होते. टाइल्सच्या सांध्यांतून पाणी थोडं थोडं आत जातंच. मातीच्या भिंतीत शिरलेला ओलावा एरवी बाहेरच्या बाजूने वाळून निघून जातो. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा थर दिला तर तो आतच कोंडतो. माती आणि सिमेंटची पकडही नीट बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत टाइल्स पोकळ वाजायला लागतात, मग एखादी सुटते, आणि मागची माती भुसभुशीत झालेली दिसते. उधईला अशीच ओलसर माती आवडते. त्यानंतर दाराची चौकट जाते.

उपाय दोन आहेत. जागा असेल तर बाथरूम घराला लागून, पण स्वतःच्या पायावर आणि स्वतःच्या विटांच्या भिंतींवर उभं करायचं आणि घरातून फक्त एक दार काढायचं. जुन्या भिंतीत दार पाडताना वर लिंटल टाकल्याशिवाय खालची माती काढायची नाही, हे मिस्त्रीला बजावून सांगावं लागतं. दुसरा उपाय जागा नसलेल्यांसाठी. खोलीच्या कोपऱ्यात मातीच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून आतून विटांची वेगळी भिंत घ्यायची, आणि नळाचे पाइप, टाइल्स, वॉटरप्रूफिंग सगळं त्या नव्या भिंतीवर करायचं. खोली प्रत्येक बाजूने सहा-सात इंच लहान होते. नाराजी होते, पण मूळ घर वाचतं.

पाइप भिंतीत लपवण्याचा हट्टही जुन्या घरात सोडावा. मातीच्या भिंतीला झिरी मारली की अर्धी भिंत हातात येते. उघड्यावर नीट क्लॅम्प केलेला पाइप दिसायला साधा, पण गळाला तर त्याच दिवशी कळतो. चौकट लाकडाऐवजी ग्रॅनाइटची आणि दार पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं घेतलं की उधईचा प्रश्न मिटतो. जुनी सागवानी चौकट मोडीत काढायची घाई मात्र करू नये, दुसऱ्या खोलीला ती अजून पन्नास वर्षं चालेल.

परवानगी लागते का?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये याचं बरंचसं उत्तर आहे. फक्त इमारतीच्या आतल्या भागावर परिणाम करणारी किंवा बाहेरून दिसणारं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती-सुधारणा असेल तर विकास परवानगी लागत नाही. म्हणजे आहे त्या खोलीत बाथरूम केलं तर अडचण नाही. घराला लागून नवी खोली वाढवली, तर ते वाढीव बांधकाम झालं. त्यासाठी नगर परिषदेत अर्ज करावा लागतो आणि पुढे मालमत्ता कराची आकारणीही बदलते.

२०२० च्या अखेरीस मुंबईसारखे अपवाद वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली. त्यात संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान दीड चौरस मीटर जागा आणि एक मीटर रुंदी लागते. हे किमान झालं. वयस्कर माणूस वापरणार असेल तर एवढ्या जागेत भागत नाही.

कायद्यापेक्षा मोठी अडचण बहुतेक वेळा घरातलीच असते. जुनं घर तीन भावांच्या नावावर, मधली भिंत चुलत्याच्या घराशी सामायिक, आणि सांडपाण्याची नाली त्यांच्या अंगणातून जाणारी. घरपट्टीची पावती नावावर आहे म्हणजे मालकी झाली असं नसतं. सामायिक भिंतीला हात लावायच्या आधी चुलत्याच्या ओट्यावर बसून एक कप चहा घेतला, तर पुढची अनेक वर्षं न बोलण्यात जात नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं : घाण जाते कुठे?

टाइल्सचा रंग निवडायला कुटुंब नागपूरला जातं, दिवसभर दुकानं फिरतं. सेप्टिक टँकबद्दल मात्र पाच मिनिटंही चर्चा होत नाही. 'आहे की मागे जुना टाका' एवढ्यावर विषय संपतो.

भुयारी गटार नसलेल्या गावात प्रत्येक घर हे स्वतःचं सांडपाणी केंद्र असतं. जुना टाका म्हणजे बऱ्याचदा तळ नसलेला, नुसता विटा रचलेला खड्डा. तो 'कधीच भरत नाही' याचं कौतुक होतं. तो भरत नाही, कारण त्यातलं पाणी जमिनीत मुरतंय. आणि वीस फुटांवर विहीर आहे, आपली किंवा शेजाऱ्याची.

भारतीय मानक आयएस २४७० नुसार सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट लांब हवी. गावठाणातल्या अरुंद प्लॉटवर हे अंतर मिळणं मुश्कील. पूर्व विदर्भात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात भूजल अगदी वर येतं. तेव्हा शोषखड्डा शोषत नाही, उलटा भरतो. ऑगस्टमध्ये कमोडचं पाणी खाली जात नाही, अशी तक्रार येते तेव्हा दोष बऱ्याचदा कमोडचा नसतो.

यावर संपूर्ण समाधान होईल असं उत्तर छोट्या प्लॉटवर नाही. नुकसान कमी करता येतं. टाका दोन कप्प्यांचा आणि तळासकट पाणी न झिरपणारा बांधायचा. शोषखड्डा विहिरीपासून जमेल तितका दूर आणि उताराच्या बाजूला घ्यायचा. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी टाक्यात सोडायचं नाही. ते वेगळ्या पाइपने वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा मागच्या केळीला द्यायचं. साबणाचं पाणी टाक्यात गेलं की मैला कुजायला मिळणारा वेळ कमी होतो आणि टाका लवकर भरतो. आणि अंतर पाळता येत नसेल, तर त्या विहिरीचं पाणी प्यायचं बंद करायचं. हे ऐकायला कडू आहे, कारण त्या विहिरीवर घराची तीन पिढ्यांची माया असते.

टाका मोठा असायलाच हवा, हाही समज. त्याच मानकानुसार पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत साधारण एक मीटर पाण्याची खोली एवढा टाका पुरतो. घरी मंडईला पंधरा माणसं जमत असतील तर थोडा मोठा करावा. पण दहा-बारा फूट खोल टाके बांधले जातात ते 'पुन्हा कधी उघडायला नको' म्हणून, आणि नेमकं ते धोक्याचं असतं.

टाका दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. तो उघडण्यासाठी झाकण हवं आणि सक्शन गाडीचा पाइप तिथपर्यंत पोहोचायला वाट हवी. अनेक घरांत जुन्या टाक्यावरच नवं बाथरूम किंवा स्वयंपाकघर बांधलं जातं, वर टाइल्स बसतात आणि झाकण कायमचं बुजतं. मग टाका तुंबला की कोणाला तरी फरशी फोडून आत उतरवलं जातं. टाक्यातल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. या बातम्या देशभरातून येतच असतात. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, मग उतरवणारा ठेकेदार असो की घरमालक. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाक्याच्या तक्रारींसाठी केंद्राने १४४२० हा हेल्पलाइन क्रमांकही जाहीर केला आहे.

टाक्याला छपरापेक्षा उंच हवा-पाइप हवा आणि त्याच्या तोंडावर जाळी. तो नसेल तर टाक्यातला वायू बाथरूममध्ये येण्याची वाट शोधतो.

शॉवर, गीझर आणि आजीचा हात

इन्स्टाग्रामवर दिसणारा मोठा रेन शॉवर जुन्या घरात बहुतेक वेळा ठिबकतो. कारण पाण्याचा दाब. टाकी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक किलो दाब मिळतो. बैठ्या घरात टाकीचा तळ दहा फुटांवर आणि शॉवर सात फुटांवर असेल, तर मिळतो त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यासाठी प्रेशर पंप बसवा, नाहीतर सरळ बादली-मग्गा आणि एक साधा हँड शॉवर ठेवा. हजार लिटरच्या भरलेल्या टाकीचं वजन एक टन असतं, त्यामुळे ती जुन्या भिंतीवर नको. तिला जमिनीपासून वेगळा लोखंडी किंवा काँक्रीटचा स्टँड लागतो.

गीझर तीन किलोवॉटचा असेल तर तो तेरा अँपिअर वीज ओढतो. पंख्या-दिव्यांच्या जुन्या वायरवर तो जोडायचा नाही. मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. हजार-दोन हजारांचा हा डबा टाइल्सच्या दोन पेट्यांपेक्षा नक्कीच जास्त मोलाचा आहे. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या आत नकोच. बंद खोलीत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, असं त्यातूनच घडतं.

आणि ज्या आजीसाठी हे सगळं सुरू झालं, तिच्यासाठी लागणाऱ्या गोष्टी बजेटमध्ये शेवटी येतात आणि पहिल्यांदा कापल्या जातात. जमीन खरखरीत टाइल्सची हवी, चकचकीत नको. उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडतं. दाराची रुंदी निदान अडीच फूट, व्हीलचेअर असेल तर तीन फूट. कमोडशेजारी धरायला दांडा हवा. मातीच्या भिंतीत ठोकलेला दांडा पहिल्याच झटक्यात निघतो, म्हणून तो विटांच्या नव्या भिंतीत किंवा थेट जमिनीत बसवायचा. अंथरुणापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा एक छोटा दिवा हवा.

जंगलाला लागून असलेल्या या तालुक्यात तो दिवा आणि घरातलं दार यांना आणखी एक अर्थ आहे. घोडाझरीच्या बाजूच्या गावांत कुत्र्या-शेळ्यांच्या मागे बिबट वस्तीत येतो. अशा ठिकाणी रात्री परसात जाणं टळणं ही फक्त सोयीची गोष्ट नसते.

मोजमाप आणि वेळ

सहा बाय आठ फुटांच्या बाथरूमला सात फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या तर भिंतींचं क्षेत्र १९६ चौरस फूट. दाराचे सतरा-अठरा वजा केले की १७८, जमिनीचे ४८. एकूण २२६. तुटफूट धरून २५० चौरस फूट घ्यावं. नागपूर शंभर किलोमीटरवर आहे आणि मोरबीहून येणाऱ्या मालाची पुढची खेप त्याच छटेची येईलच असं नाही. म्हणून उरलेली एक पेटी परत करू नये, माळ्यावर ठेवावी. भिंतीला पाच फुटांवर टाइल्स थांबवल्या तर ५० चौरस फूट वाचतात. सिमेंटच्या जीएसटीने वाचवलेल्या चारशे रुपयांपेक्षा ही बचत कितीतरी मोठी.

काम कधी काढायचं हे शेती ठरवते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, मजूर मिळत नाहीत आणि खड्ड्यात पाणी भरतं. नोव्हेंबरात कापणी. मार्चनंतर लग्नसराई. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा, तेव्हा सिमेंटवर पाणी मारायला आणि ते नीट मुरू द्यायलाही सवड असते. टाका आणि शोषखड्डा मात्र मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना खोदलेला चांगला.

टाइल्स बसवण्याआधी दोन गोष्टी राहतात. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरून ठेवायचं आणि किमान चोवीस तासांनी पातळी उतरली का, बाजूच्या भिंतीला ओल आली का ते पाहायचं. मिस्त्री म्हणेल गरज नाही, तरी करायचं. आणि पाइप उघडे असतानाच प्रत्येक भिंतीचा, जमिनीचा, बाहेरच्या नालीचा आणि टाक्याच्या झाकणाचा टेप लावून फोटो काढायचा. तो प्लंबरच्या नव्हे, घरातल्या माणसाच्या मोबाइलमध्ये असावा. प्लंबर पुढच्या वर्षी हैदराबादला कामाला गेलेला असू शकतो.